बांगड्याच्या डब्यावरचा चेहरा

आमच्या कॉलेजच्या फाटकाबाहेर चहा-कॉफीच्या बाटल्यांचं एक मशीन होतं. त्याच्या अख्ख्या अंगावर एका पळणाऱ्या मुलाचा फोटो चिकटवलेला. खांद्यावरून तिरका गेलेला कापडी पट्टा, उघडं तोंड, मिटलेले डोळे, आणि वर मोठ्या अक्षरांत विद्यापीठाचं नाव. तो मुलगा माझ्या वर्गात होता. सोमवारी पहिल्या तासाला माझ्या शेजारी बसायचा आणि पाचव्या मिनिटाला झोपी जायचा.

तिसऱ्या वर्षाच्या सप्टेंबरात एकदा तो त्या मशीनसमोर उभा राहून खिसे चाचपत होता. शंभराचं नाणं होतं, वरचे तीस येन नव्हते. मी दिले. फोटोतल्या त्याच्या गुडघ्याखालून बाटली धपकन पडली. ती काढायला वाकत तो म्हणाला, "स्वतःच्याच पायात हात घालून चहा काढतोय मी."

तो हसला. मला हसू आलं नाही.

"या फोटोचे तुला काय मिळाले?"

"फोटोचे? काही नाही."

"लावण्याआधी विचारलं तरी होतं?"

"गेल्या वर्षी एक दिवस सरावाहून आलो, तर मी इथे होतो." त्यानं झाकण उघडलं. "आईला फोटो काढून पाठवला. ती म्हणाली, डोळे तरी उघडायचे होतेस."

इथून सुरुवात झाली. आपल्यावर अन्याय होतोय असं त्याला वाटत नव्हतं. वाटत होतं ते मला. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल.

मी पत्रकं वाटणारी मुलगी होते. बाबा कावासाकीतल्या एका कंपनीत सॉफ्टवेअरचं काम करायचे, घर इचिकावात. मोठा भूकंप झाला तेव्हा मी तिसरीत होते. आमच्या इमारतीतली बहुतेक भारतीय कुटुंबं बॅगा घेऊन विमानतळावर गेली. प्रोजेक्ट अर्धवट टाकून जाता येणार नाही, असं बाबा म्हणाले. मग आम्हीही नाही जात, असं आई म्हणाली. आम्ही राहिलो. मी जपानी शाळेतच शिकले. शिवाय आईनं रोज एक पान देवनागरी शुद्धलेखन घातलेलं, त्यामुळे हात असा वळला की वर्गातलं सगळ्यात सुबक जपानी अक्षर या परदेशी मुलीचं, असं शिक्षिका भिंतीवर कागद लावून दाखवायच्या.

कॉलेजात गेल्यावर मी एका कोंबिनीत, म्हणजे चोवीस तास उघड्या असणाऱ्या किराणा दुकानात, बाइतो धरला, शिकता शिकता करायचं तासावारी काम. पाळीच्या आधी पंधरा मिनिटं येऊन कपडे बदला, फरशी पुसा, रांगेत उभं राहून घोषणा म्हणा. या पंधरा मिनिटांचे पैसे नाहीत. मी मालकाला विचारलं, का नाहीत? तो म्हणाला, असंच असतं. "असंच असतं" हे ऐकलं की माझी कानशिलं तापतात. अशा कामगार विद्यार्थ्यांचा एक गट होता, मी त्यात शिरले आणि स्टेशनबाहेर उभी राहून पत्रकं वाटू लागले. लिहायलाही तिथेच शिकले. आम्हाला शिकवणारी ताई फार बोलायची नाही. समोरचा माणूस तीन पावलांत निघून जातो, तेवढ्यात पहिली ओळ वाचून झाली पाहिजे. जे लिहाल ते कुठे लिहिलेलं आहे ते दाखवता आलं पाहिजे. आणि ज्याच्यासाठी लिहिताय, त्याला आधी वाचायला द्या. मग छापा.

तर या मुलाचं सगळं मी विचारून घेतलं. नव्या वर्षाच्या सुट्टीत आमच्याकडे कॉलेजांची लांब पल्ल्याची रिले शर्यत असते, दोन दिवस. एकेक मुलगा वीसेक किलोमीटर पळतो आणि खांद्यावरचा पट्टा पुढच्याला देतो. अख्खा देश गरम पांघरुणात पाय घालून टीव्हीसमोर बसलेला असतो. ज्या कॉलेजचा पट्टा पडद्यावर जास्त वेळ दिसतो, तिथे पुढच्या वर्षी अर्ज वाढतात. बूट कंपनी टीमला बूट देते, करार विद्यापीठाशी. जुने विद्यार्थी, दुकानदार, ठेकेदार यांचं एक पाठीराखे मंडळ असतं. ते तांदळाची पोती, मांस, मिनीबस, असं काय काय पाठवतात. वसतिगृहाच्या जेवणघरात भिंतभर कागदी पट्ट्या, कोणी काय दिलं त्याच्या. सगळ्यांची नावं आहेत, सगळ्यांचा मान आहे. पळणाऱ्या मुलांना बाइतो करायला बंदी. सराव बुडतो ना. त्यामुळे माझ्या मित्राचा हातखर्च त्याची आई पाठवायची. ती ईशान्य किनाऱ्यावरच्या एका गावात मासे डबाबंद करणाऱ्या कारखान्यात काम करते, आणि त्या हातखर्चासाठी रविवारचीही पाळी घेते.

तो कारखाना त्सुनामीत वाहून गेला होता. एक शेड आणि दोन यंत्रं घेऊन पुन्हा उभा राहिला. त्या कारखान्याच्या मालकीणबाईंनी उन्हाळ्यात त्याला विचारलं होतं: आपल्या बांगड्याच्या डब्यावर तुझा फोटो लावू का? दरमहा तुला इतके देऊ. फार नव्हते. पण आईला रविवार मोकळा मिळण्याइतके होते.

नमुन्याचा एक डबा त्यानं मला दिला. वर कागद डकवलेला, त्यावर तोच मशीनवरचा फोटो.

"तोंड बघ," तो म्हणाला. "मी कोणता आणि बांगडा कोणता?"

"तुला लावायचाय का फोटो?"

"हो." लगेच म्हणाला. ही गोष्ट महत्त्वाची आहे. त्याला हवं होतं. "पण कांतोकु नाही म्हणाले." कांतोकु म्हणजे त्यांचे मुख्य प्रशिक्षक. "म्हणाले, डबा किंवा पट्टा. एक काय ते निवड. विद्यार्थ्यानं स्वतःला विकायचं नसतं."

शर्यतीसाठी पळणाऱ्यांच्या यादीत त्याचं नाव त्या वर्षी पहिल्यांदाच लागायची शक्यता होती. दोन वर्षं तो राखीव होता. मशीनवरचा फोटोसुद्धा कुठल्याशा लहान शर्यतीतला. अख्खं गाव त्याला नव्या वर्षी टीव्हीवर बघायला बसणार होतं. त्यानं पट्टा निवडला, आणि मालकीणबाईंना कळवलं, सध्या थांबा.

तो डबा मी घरी आणला. आई पुण्याची, शाकाहारी, बाबा रत्नागिरीकडचे. आमच्या घरी मासळीचा डबा बाल्कनीत उघडायचा, बाल्कनीतच खायचा, आणि तीनदा धुऊन धातूचा कचरा न्यायच्या दिवसापर्यंत तिथेच ठेवायचा, असा कायदा होता. बाबा कोट घालून बाल्कनीत बसले.

"फर्स्ट क्लास आहे गं," ते म्हणाले. "थोडी मिरची हवी होती. कोण हा मुलगा?"

मी सगळं सांगितलं. आई दाराच्या आतून ऐकत होती.

"मशीनवर चालतो आणि डब्यावर चालत नाही? हे काय लॉजिक?" ती म्हणाली.

"तेच तर, आई!"

"तेच तर काय. तू यात पडू नकोस. त्या पोराचं नुकसान करून ठेवशील."

लोक म्हणतात, पैसा आला की खेळ बाटतो. अहो, पैसा आलेला आहेच की! भिंतीवर पट्ट्या लावून आलाय, बुटांच्या खोक्यांतून आलाय, लोकलच्या डब्यांत टांगलेल्या जाहिरातींतून आलाय. फक्त जो पळतो त्याच्या दाराशी येऊन तो एकदम पवित्र होतो आणि मागे फिरतो. मला याचा राग आला. अजून येतो.

मी नियम शोधायला निघाले. कुठे लिहिलंय ते दाखवा, हा माझा हातखंडा. विद्यार्थी कार्यालयातल्या बाईंनी फार नम्रपणे सांगितलं, हा विषय क्रीडा विभागाचा. क्रीडा विभागातल्या गृहस्थांनी एक जाड फाइल उघडली, दहा मिनिटं पानं उलटली आणि म्हणाले, तसा उल्लेख सापडत नाही, ते त्या-त्या कांतोकुंच्या विचारावर असतं. कांतोकु मैदानाच्या कडेला घड्याळ हातात धरून उभे होते. ते म्हणाले, "मी हो म्हणेन, पण मंडळातल्या लोकांना काय वाटेल?" मंडळाच्या अध्यक्षांचं बांधकामाचं ऑफिस कोतो भागात होतं, मी तिथेही गेले. त्यांनी मला चहा दिला, माझ्या जपानीचं कौतुक केलं, आणि म्हणाले, "आम्ही काय, बाहेरची माणसं. विद्यापीठाचा नियम असेल ना काहीतरी."

म्हणजे नियम नव्हताच. चार खोल्यांतली माणसं एकमेकांकडे बोट दाखवून त्याला जिवंत ठेवत होती.

मी पत्रक लिहिलं. पहिली ओळ: "मशीनवर चालतो, डब्यावर का नाही?" आईचंच वाक्य, तीन पावलांत वाचून होणारं. मित्राला आधी वाचायला दिलं. तो म्हणाला, माझं नाव नको, गावाचं नाव नको. दोन्ही काढलं. नोव्हेंबरात आठवडाभर फाटकाशी उभी राहून ते मी वाटलं. जपानी मुलं पत्रक फेकत नाहीत. दोन्ही हातांनी घेतात, मान लववतात, नीट घडी घालतात आणि बॅगेत ठेवतात. तिथेच ते मरतं. एकानंही मला काही विचारलं नाही.

डिसेंबरात यादी लागली. दुसऱ्या दिवसाच्या एका टप्प्यावर त्याचं नाव होतं. त्यानं मला मेसेज केला, त्यात फक्त आकडा, टप्प्याचा. मी स्टेशनच्या जिन्यात ओरडले.

आता शुभेच्छापत्रांचं सांगते, कारण चूक तिथे झाली, आणि ती माझी आहे.

जपानात नव्या वर्षाची पत्रं डिसेंबरच्या पंचवीस तारखेच्या आत पेटीत टाकायची असतात. लाल पेटीला तेवढ्यापुरती वेगळी फट असते. पोस्ट ती साठवून ठेवतं आणि एक जानेवारीच्या सकाळी घरोघरी एकदम वाटतं. टीम दरवर्षी मंडळातल्या प्रत्येकाला असं पत्र पाठवते. पत्रावर टीमचा फोटो छापलेला, खाली खेळाडूचं नाव छापलेलं, आणि मधे दोन बोटं जागा कोरी. त्या जागेत हातानं एक ओळ लिहायची. छापील पत्रावर हातची ओळ नसेल तर ते पत्र कोरडं समजतात. प्रत्येक मुलाच्या वाट्याला साठेक पत्रं. मुलं सरावानं मेलेली, आणि अक्षरं अशी की बघवत नाहीत. मग दोन वर्षांपासून हे काम माझ्याकडे यायला लागलं. टीममध्ये मला 'अक्षरवाली' म्हणत.

"नेहमीचीच ओळ लिही," त्यानं गठ्ठा देताना सांगितलं. "यंदाही आपला पाठिंबा असू द्यावा."

"बरं."

कॉलेजच्या कँटीनमध्ये दुपारी बसून मी लिहायला लागले. पहिली चार पत्रं नेहमीची लिहिली. पाचव्याच्या पत्त्यावर अध्यक्षांचं नाव होतं. 'बाहेरची माणसं' आठवली. सगळे म्हणतात मंडळाला काय वाटेल, आणि मंडळाला कुणी विचारलेलंच नाही. साठ माणसांचे पत्ते माझ्यासमोर होते. मी त्या दोन बोटं जागेत लिहिलं:

"माझ्या गावच्या डब्यावर माझा फोटो लागावा असं मला वाटतं. आपल्याला काय वाटतं?"

अक्षर सुरेख आलं. मग उरलेल्या सगळ्यांवर तेच लिहिलं. त्याला विचारलं नाही. विचारलं असतं तर तो नको म्हणाला असता, हे मला माहीत होतं. म्हणून विचारलं नाही. यात दुसरं काही शोधू नये. तेवीस तारखेला दुपारी मी ती पत्रं त्या खास फटीत टाकली आणि छान मोकळं वाटलं.

ते मोकळं वाटणं संध्याकाळच्या जेवणापर्यंत टिकलं. आईला सांगितलं. ती पोळी लाटत होती, लाटणं थांबलं.

"त्याच्या नावानं लिहिलंस?"

"त्याच्याच मनातलं लिहिलं."

"मनातलं! आणि पत्र कधी पोचणार?"

"एक तारखेला."

"आणि शर्यत?"

"दोन आणि तीनला," मी म्हटलं. आईला शर्यत कधी ते माहीत होतं. ती मला ते बोलायला लावत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोस्ट उघडायच्या आधी मी दारात उभी. काउंटरवरच्या माणसाला म्हटलं, काल टाकलेली साठ पत्रं परत हवीत. तो अजिबात चिडला नाही. परत मागण्याचा अर्ज असतो, त्यानं तो काढून दिला. मी भरला. त्यानं वाचला आणि पेन्सिलीनं एका चौकटीवर हलकी खूण केली.

"इथे पाठवणाऱ्याची सही लागेल."

"मीच पाठवली."

"पत्रावर नाव आपलं आहे का?"

नव्हतं. अर्ज घेऊन मी मैदानावर गेले. तो पाय ताणत बसला होता. मी उभ्या-उभ्याच सगळं सांगितलं, अर्ज पुढे केला आणि म्हटलं, "सही कर. दुपारपर्यंत परत मिळतील."

त्यानं अर्ज वाचला. खालपर्यंत. मग विचारलं, "ओळ काय लिहिलीस, नेमकी?"

मी म्हणून दाखवली.

"हं," तो म्हणाला. त्यानं घोटा चोळला. "मशीन लावताना मला विचारलं नव्हतं. तूही नाही विचारलंस."

मला स्टेशनबाहेर लोकांनी नाही नाही ते ऐकवलंय. आपल्या देशात जा, हेही ऐकलंय, आणि तिथल्या तिथे उत्तर दिलंय. या वेळी मी फक्त पेन पुढे केलं.

"चुकले," मी म्हटलं. "सही कर ना."

त्यानं अर्जाची घडी घातली आणि मला परत दिली. "ओळ खोटी नाहीये. मला हे विचारायचंच होतं, धीर नव्हता. जाऊ दे आता." आणि उठून पँट झटकत म्हणाला, "कांतोकुंना मी सांगून येतो. एक तारखेला त्यांना दुसऱ्याकडून कळायला नको."

"मीही येते."

"ये. पण बोलू नकोस."

कांतोकुंची खोली बुटांच्या खोक्यांनी भरलेली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग मी बोललेच. "ओळ मी लिहिली आहे. त्याचा काही दोष नाही."

"खाली नाव कोणाचं?"

"त्याचं, पण..."

"म्हणजे त्यानं लिहिलं." ते ओरडले नाहीत, दमल्यासारखे बोलले. "अक्षरवाली-सान, ते म्हातारे लोक पहाटे उठून पोती घेऊन येतात. त्यांच्या हातात शर्यतीच्या तोंडावर हे ठेवायचं? उद्या मंडळ म्हणालं, असल्या टीमला आम्ही काही देत नाही, तर? बाकीच्या पोरांनी काय केलंय?"

एकानं केलं की सगळ्यांनी भोगायचं, ही तिथली पद्धत. मी तोंड उघडलं. मित्र म्हणाला, "थांब तू," आणि मी थांबले.

कांतोकु त्याच्याकडे वळले. शर्यतीच्या सकाळी यादीतला माणूस बदलता येतो. सगळ्याच टीम बदलतात. "पोट बिघडलं म्हणून सांगू," ते म्हणाले.

"पोट ठीक आहे," तो म्हणाला.

"मग काय सांगू?"

"सांगायचंच असेल तर खरं सांगा."

कांतोकुंनी एक खोकं उचलून दुसऱ्यावर ठेवलं. "बदलाचं कारण सांगायची पद्धत नाही," ते म्हणाले. झालं. दोन वर्षं ज्यासाठी तो पळत होता ते तेवढ्यात गेलं, आणि ते माझ्या सुंदर अक्षरानं गेलं.

बाहेर आल्यावर मी रडले. तो म्हणाला, "आता रडतेस? मला मालकीणबाईंना फोन करायचाय, गावात सगळ्यांनी टीव्ही लावायची तयारी केलीय. फोन तू कर."

"मी करू?"

"नको. तू कुणालाच काही पाठवू नकोस."

शर्यतीच्या दुसऱ्या दिवशी मी त्याच्या टप्प्यावर रस्त्याच्या कडेला उभी होते. हवा कोरडी, माणसांची दाटी, सगळ्यांच्या हातात कागदी झेंडे. तो त्याच टप्प्यावर दिसला, पण वेगळ्या कपड्यांत. पळणाऱ्याला वाटेत एके ठिकाणी पाणी देतात. टीममधला न पळणारा एक मुलगा बाटली घेऊन त्याच्या बाजूनं पन्नासेक मीटर पळतो. ते काम त्यानं मागून घेतलं होतं. बदली मुलगा आला. दुसऱ्या वर्षाचा, बारीक, चांगल्या लयीत. माझा मित्र त्याच्याशी जुळवून पळायला लागला, बाटली दिली, कानाशी वाकून काहीतरी बोलला, बाटली परत घेतली आणि थांबला. झालं. मग वळून गेलेल्याच्या पाठीकडे बघत दोन्ही गुडघ्यांवर हात ठेवून उभा राहिला, अख्खे वीस किलोमीटर पळाल्यासारखा.

खिशात फोन वाजला. आई. "अगं, तुझा तो दिसला टीव्हीवर! बाटलीवाला! बाबा म्हणतायत, हाच तो डब्यावरचा."

तो बदली मुलगा उत्तम पळाला, हेही लिहिलं पाहिजे.

नंतर मी विचारलं, कानात काय बोललास? "म्हटलं, पुढचा चढ दिसतो तेवढा मोठा नाही."

आणि मग पत्रं यायला लागली. आलेल्या शुभेच्छेला उत्तर द्यायचं, हा तिथला रिवाज. राग आला तरी उत्तर देतात. वसतिगृहाच्या पेटीत रोज त्याच्या नावानं गठ्ठा. पत्र मिळालेल्या त्या साठांतल्या निम्म्याहून जास्त लोकांनी लिहिलं. तोफूच्या दुकानदारानं लिहिलं, मला वाटायचं तुम्हाला काहीतरी मिळतच असेल. एका निवृत्त शिक्षकानं लिहिलं, आधी शीक, मग वीक. एकानं मूळ पत्र पाकिटात घालून तसंच परत पाठवलं. एकानं विचारलं, डबा मिळतो कुठे, दोन डझन हवेत. एका आजींचं पत्र त्यानं मला वाचायला दिलं: इतकी वर्षं तांदूळ पाठवते, वसतिगृहातून मला कुणी काही विचारण्याची ही पहिलीच वेळ.

जानेवारीच्या मध्यात अध्यक्ष स्वतः आले. जेवणघरात सगळी टीम बसली, मला कोपऱ्यात बसू दिलं. मित्रानं सगळी पत्रं वाचून दाखवली, रागाचीसुद्धा. परत आलेलं पत्र उंच धरून दाखवलं. मग म्हणाला, "ती ओळ माझ्या हातची नाही. पण पत्रं परत मागवता येत होती, मी मागवली नाहीत. म्हणजे ती माझी आहे."

अध्यक्षांनी हाताची घडी घातली. "तुला पाहिजे काय? पैसे?"

"ते कारखाना देईल. मला कागद पाहिजे."

"कसला कागद?"

"माझा फोटो कुणी कुठेही लावण्याआधी मला विचारलं, असा कागद. सगळ्या मुलांसाठी. डब्याला लागू, तसा मशीनलाही."

"मशीनला पण?" अध्यक्ष हसले.

"मशीनला आधी."

कुणीतरी मागे खुदकन हसलं, मग अध्यक्षच मोठ्यानं हसले. कांतोकु हसले नाहीत. त्यांनी वही काढली आणि लिहून घेतलं. चार खोल्यांत मिळून जो नियम नव्हता, तो एप्रिलपर्यंत एका पानावर आला: विचारल्याशिवाय फोटो नाही, पैसे घेता येतील, मात्र टीमचा पोशाख आणि पट्टा घालून जाहिरात करायची नाही. शेवटची अट मला पटली नाही, आजही पटत नाही. पट्टा काय विद्यापीठानं विणलाय? पण त्याला चालली. डब्यावर तो आईच्या कारखान्यातले पांढरे गमबूट आणि एप्रन घालून उभा आहे. मशीनवाल्यांनी त्याला रीतसर विचारलं. तो म्हणाला, लावा, पण डोळे उघडे असलेला.

चौथ्या वर्षी तो शर्यतीत पळाला. तोच टप्पा. मी त्याच जागी उभी होते. त्याची आई आली होती, माझ्या शेजारी, रविवारची पाळी आता सुटली होती. तो समोरून गेला तेव्हा तिनं तोंडावर हात ठेवला. पट्टा देऊन झाल्यावर भेटलो, तेव्हा त्याचं पहिलं वाक्य: "चढ मोठाच आहे गं."

हे सगळं लिहायचं ठरवलं तेव्हा मी आधी त्याला तो कागद पाठवला, त्याच नमुन्याचा, दोन प्रती, सोबत मजकुराचं जपानी भाषांतर. तो आता गावीच असतो. महिन्याभरानं एक प्रत परत आली, खाली सहीऐवजी त्याचा लाल शिक्का. अटी लिहिल्या होत्या: माझं नाव नको, गावाचं नको, कॉलेजचं नको, पळण्याच्या वेळा नकोत. पहिल्या खर्ड्यात मी माफीची दोन पानं घातली होती. त्यावर त्यानं पट्टी धरून सरळ रेघ मारलेली, आणि बाजूला त्याच्या त्या भयंकर अक्षरात:

"एकदा मागितलीस, पुरे. पाण्याचे पन्नास मीटर गाळू नकोस."

गाळलेले नाहीत. सोबत बारा डबे आले होते. बाबांनी बाल्कनीत खुर्ची टाकली आहे.